मुंबईच्या लोकलमागे उभे असलेले नाना शंकरशेठ, आणि त्यांचं रेल्वे नसलेलं गाव

चौसाळ्याच्या स्टँडवर उभं राहिलं की प्रवासाचे पर्याय मोजायला एका हाताची बोटं पुरतात. एसटी, काळीपिवळी, नाहीतर धुळे-सोलापूर हायवेवर हात करून थांबेल ते वाहन. रेल्वे पाहायची तर बीडला जायचं, आणि बीड शहरातही पहिली गाडी आली ती 17 सप्टेंबर 2025 ला. त्यामुळे आमच्याकडची पोरं कामासाठी मुंबईला गेली की पहिल्यांदा थक्क होतात ती समुद्र बघून नाही, तर ठाण्याला सकाळी साडेआठची लोकल बघून. रोज सत्तर लाखांच्या वर माणसं या लोकलने जातात. एवढी माणसं रस्त्यावर उतरली असती तर मुंबई कधीच बंद पडली असती.

ही रेल्वे आली कशी, हे सांगताना एक नाव हमखास येतं. जगन्नाथ उर्फ नाना शंकरशेठ. दरवर्षी 16 एप्रिलला नानांनी भारतात रेल्वे आणली असं सांगणारे फॉरवर्ड तुम्हालाही येत असतील. गोष्ट खरी आहे, पण ती तेवढ्यावर संपत नाही.

नानांचा जन्म 10 फेब्रुवारी 1803 चा, ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडचा. घराणं मुरकुटे, दैवज्ञ समाजातलं, व्यापारात मुरलेलं. वडील 1822 मध्ये गेले आणि विशीही न गाठलेल्या पोराच्या हातात पेढी, जमिनी आणि मोठी इस्टेट आली. अशा वयात असा पैसा हातात आला की काय होतं, हे आपण गावोगाव बघतो. नानांनी तो शाळांवर घालवला. एल्फिन्स्टनच्या काळात सुरू झालेल्या शिक्षण संस्थेत ते होते, पुढे बोर्ड ऑफ एज्युकेशनवर होते, आणि मुलींच्या शाळेला लोक नाकं मुरडत होते तेव्हा त्यांनी गिरगावातली स्वतःची जागा शाळेला दिली. सतीबंदीच्या बाजूनेही ते उभे राहिले.

आता रेल्वेकडे येऊ. 1840 च्या दशकातली मुंबई म्हणजे किल्ल्याच्या तटाआत कोंबलेलं शहर. श्रीमंतांसाठी पालख्या आणि घोडागाड्या, मालासाठी बैलगाड्या, बाकीच्यांसाठी पाय. देशावरचा कापूस घाट उतरून बंदरात यायचा तो बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांत. पावसाळा लागला की घाट बंद, माल जागेवर. 1843-44 च्या सुमारास जॉर्ज क्लार्क नावाच्या इंजिनिअरने मुंबईहून घाटाकडे लोहमार्ग नेण्याची कल्पना मांडली. ती उचलून धरणाऱ्यांत दोन देशी नावं पुढे होती, सर जमशेटजी जीजीभॉय आणि नाना. 1845 मध्ये रेल्वेसाठी मुंबईत मंडळ उभं राहिलं, त्यात हे दोघे होते. सरकारदरबारी अर्ज करायचे, व्यापाऱ्यांना पटवायचं, न पाहिलेल्या वस्तूवर लोकांना विश्वास ठेवायला लावायचा, असं हे काम. लोखंडी राक्षस म्हणून घाबरणारेही कमी नव्हते.

इथे थोडं स्पष्ट बोलायला हवं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ही 1849 मध्ये ब्रिटिश संसदेच्या कायद्याने झालेली कंपनी. भांडवल मुख्यतः इंग्लंडचं, आणि त्यावर 5 टक्के परताव्याची हमी, जिचा बोजा शेवटी इथल्या रयतेवर. मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा होता, ऑफिसला जाणाऱ्या माणसाचा विचार कुणाच्याच डोक्यात नव्हता. मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कले. नाना या कंपनीच्या सुरुवातीच्या देशी संचालकांपैकी. म्हणजे रेल्वे एकट्या नानांनी आणली नाही. पण शहरातली वजनदार देशी माणसं मागे उभी राहिली नसती, तर काम इतक्या लवकर रुळावर आलं असतं का, याची मला शंका आहे.

16 एप्रिल 1853, शनिवार, दुपारी 3 वाजून 35 मिनिटं. साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी 14 डबे ओढले, 21 तोफांची सलामी झाली आणि 400 पाहुण्यांना घेऊन गाडी बोरीबंदरहून ठाण्याला निघाली. त्या पाहुण्यांत नानाही होते. 34 किलोमीटरचा रस्ता, म्हणजे आपल्या चौसाळा ते बीड इतकाच, थोडा इकडेतिकडे. पुढच्या वर्षी, 1854 मध्ये, रूळ मुंब्र्यावरून कल्याणला पोचले.

त्यानंतरही नाना थांबले नाहीत. 1852 मध्ये स्थापन झालेली बॉम्बे असोसिएशन सरकारकडे देशी लोकांची गाऱ्हाणी मांडत होती, आणि तिच्या उभारणीत ते होते. 1857 च्या उठावात इंग्रजांना त्यांच्यावरच संशय आला. चौकशी झाली, काही निघालं नाही. 1862 मध्ये त्याच सरकारने त्यांना मुंबईच्या कायदे कौन्सिलवर घेतलं. सोनापूरचं स्मशान वस्तीतून हलवायचा बेत निघाला तेव्हा सामान्य माणसाने मयत घेऊन इतक्या लांब जायचं कसं, या प्रश्नावर ते लोकांच्या बाजूने लढले आणि स्मशान तिथेच राहिलं. वाहतुकीचा प्रश्न असाही असतो.

दरम्यान, अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1864 च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या 8 लाख 16 हजार भरली. किल्ल्याचे तटही तोवर पाडले गेले. जुलै 1865 मध्ये शेअरबाजार कोसळला आणि त्याच महिन्याच्या 31 तारखेला नाना गेले. विरारहून पहिली गाडी निघाली 1867 मध्ये, घोड्यांची ट्राम आली 1874 मध्ये, विजेवरची लोकल 1925 मध्ये. यातलं काहीच त्यांनी पाहिलं नाही.

9 जून 2025 ला त्याच मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी लोकलमधून पडले आणि जीव गेले. दीडशे वर्षांपूर्वीच्या मार्गावर रूळ वाढले, गाड्या वाढल्या, पण माणसं त्याहून जास्त वाढली. त्या बातमीखाली लोकांनी दारात उभं राहणाऱ्यांनाच शिव्या घातल्या होत्या. आत शिरायला जागा असती तर दारात कोण लटकलं असतं?

नानांच्या नावाने संस्कृतची शिष्यवृत्ती आहे, टाऊन हॉलमध्ये पुतळा आहे, गिरगावाजवळ नाना चौक आहे. मुंबई सेंट्रलला त्यांचं नाव द्यायचा प्रस्ताव राज्य मंत्रिमंडळाने मार्च 2024 मध्ये मंजूर केला, आणि तिथल्या भुयारी मेट्रो स्टेशनला तर त्यांचंच नाव आहे. मुरबाडला मात्र अजून रेल्वे नाही. कल्याण-मुरबाड मार्गाची मागणी जुनी आहे, मंजुरीच्या बातम्याही येऊन गेल्या. तोवर नानांच्या गावची माणसं कल्याणपर्यंत एसटीने येतात आणि तिथून लोकल पकडतात.