नळदुर्ग घेतला तेव्हा देशाच्या सर्वोच्च खुर्चीवर कोण होतं? जमिनीच्या हक्कासाठी ऐंशीव्या वर्षी पक्ष काढणाऱ्या राजाजींची गोष्ट

नळदुर्ग : दरवर्षी १७ सप्टेंबरला आपण मुक्तिसंग्राम दिनाचा झेंडा लावतो. शाळेत भाषणं होतात, सरदार पटेलांचं नाव निघतं, स्वामी रामानंद तीर्थांचं निघतं. आपल्या नळदुर्गचं नावही त्या इतिहासात पहिल्या पानावर आहे. १३ सप्टेंबर १९४८ ला पहाटे भारतीय फौज सोलापूरकडून निघाली आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग ताब्यात आला. बोरी नदीचा पूल शाबूत राहिला, म्हणून रणगाडे पुढं जाऊ शकले. शीख रेजिमेंटचे हवालदार बचित्तर सिंग त्याच दिवशी इथं धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं.

पण त्या दिवशी देशाच्या सर्वोच्च पदावर कोण होतं, हे विचारलं तर बहुतेक जण गप्प बसतील. राष्ट्रपती तेव्हा नव्हते. गव्हर्नर जनरल होते. माऊंटबॅटन जूनमध्येच इंग्लंडला परत गेले होते आणि त्यांच्या जागी आले होते चक्रवर्ती राजगोपालाचारी. सगळा देश त्यांना राजाजी म्हणायचा. त्या पदावर बसलेले ते पहिले भारतीय आणि शेवटचेही, कारण २६ जानेवारी १९५० ला ते पदच संपलं.

आता हा माणूस आपला काय लागतो, असं कोणी म्हणेल. मी शेतकरी आहे, सोयाबीन-तूर करतो, म्हणून मला हा माणूस वाचावासा वाटला. जमीन कुणाची आणि माल कुठं विकायचा, या दोन प्रश्नांसाठी त्यांनी ऐंशीव्या वर्षी आपल्याच जुन्या सोबत्यांशी भांडण घेतलं.

मुनसिफाचा पोरगा

राजाजींचा जन्म १० डिसेंबर १८७८ चा. गाव थोरापल्ली, होसूरजवळ, कर्नाटकच्या सीमेला लागून. वडील गावचे मुनसिफ होते. राजाजी बेंगळुरू आणि मद्रासला शिकले आणि १९०० पासून सेलमला वकिली करू लागले. वकिली जोरात चालली. तरुणपणीच पत्नी वारली, पाच लेकरं मागं राहिली. त्यांनी दुसरं लग्न केलं नाही.

सेलम नगरपालिकेचे ते अध्यक्ष झाले. पुढं गांधीजींची हाक आली तशी चालती वकिली सोडून जेलात गेले. १९२५ ला तिरुचेंगोडेजवळ खेड्यात आश्रम काढला आणि खादी, दारूबंदी, अस्पृश्यता निवारण ही कामं केली. १९३० ला गांधीजी दांडीला गेले, तेव्हा राजाजींनी तामिळ मुलखात तिरुचिरापल्लीहून वेदारण्यमपर्यंत मिठाचा मोर्चा नेला. पुढं त्यांची लेक लक्ष्मी ही गांधीजींच्या देवदास या मुलाला दिली. म्हणजे गांधीजी त्यांचे व्याही.

व्याही असले तरी हा माणूस मान डोलावणारा नव्हता. १९४२ च्या चले जाव आंदोलनाला त्यांनी उघड विरोध केला. लोकांनी शिव्या दिल्या, तरी ते हटले नाहीत.

सत्तेत असताना काय केलं

१९३७ ला ते मद्रास प्रांताचे पंतप्रधान झाले (तेव्हा मुख्यमंत्र्याला तसं म्हणत). १९३८ ला त्यांनी शेतकऱ्यांना सावकाराच्या कर्जातून सोडवणारा कायदा केला. दलितांसाठी मंदिरांची दारं उघडायला कायद्याचं बळ दिलं. पण त्याच काळात शाळेत हिंदी सक्तीची केली आणि तामिळ लोक पेटून उठले.

१९५२ ला ते पुन्हा मद्रासचे मुख्यमंत्री झाले. दुसऱ्या महायुद्धापासून धान्यावर नियंत्रण होतं. रेशन होतं, धान्य इकडून तिकडं न्यायला बंदी होती. आपल्याकडच्या जुन्या माणसांना पुढच्या काळातली ज्वारीची लेव्ही आणि जिल्हाबंदी आठवत असेल, तसाच तो प्रकार. राजाजींनी खुर्चीवर बसल्यावर थोड्याच दिवसांत ही नियंत्रणं उठवली. अधिकारी घाबरले होते की भाव भडकतील, लोक उपाशी मरतील. तसं झालं नाही. दडवलेला माल बाजारात आला.

मात्र शाळेच्या बाबतीत ते चुकले, असं माझं स्पष्ट मत आहे. १९५३ ला त्यांनी योजना आणली की खेड्यातल्या पोरांनी अर्धा वेळ शाळेत जायचं आणि उरलेला वेळ बापाचा धंदा शिकायचा. म्हणजे चांभाराच्या पोरानं चामडं शिवायचं आणि कुंभाराच्या पोरानं चाक फिरवायचं. लोकांनी याला जातीचं शिक्षण म्हटलं आणि ते खोटं नव्हतं. १९५४ ला त्यांना पद सोडावं लागलं. त्यांच्या जागी आलेल्या कामराजांनी ती योजना बंद केली. त्याच वर्षी राजाजींना भारतरत्न मिळालं. पहिल्या तीन मानकऱ्यांत ते एक.

नागपूरचा ठराव आणि नवा पक्ष

आता मुद्द्याची गोष्ट. जानेवारी १९५९ ला आपल्याच महाराष्ट्रात, नागपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं. (तेव्हा राज्य मुंबई होतं, महाराष्ट्र १९६० ला झाला.) तिथं ठराव झाला की पुढं देशात सहकारी सामुदायिक शेती आणायची. सगळ्यांनी बांध काढून जमिनी एकत्र करायच्या. मालकी नावाला शेतकऱ्याची राहणार, वाटा जमिनीच्या आणि कामाच्या हिशोबानं मिळणार. धान्याचा व्यापारही सरकारनं हातात घ्यायचा. नेहरूंचा हेतू वाईट नव्हता. लहान तुकड्यांवर शेती परवडत नाही हे खरंच आहे, ते आपण आजही भोगतो.

पण ज्याचा बांध एकदा गेला त्याची मालकी कागदावर किती दिवस टिकणार, हा प्रश्न होता. काँग्रेसमधल्याच चौधरी चरणसिंगांनी नागपूरला विरोध केला. राजाजी तर आधीच काँग्रेसमधून बाहेर पडले होते. जून १९५९ ला मद्रासला त्यांनी नव्या पक्षाची घोषणा केली आणि ऑगस्टमध्ये मुंबईत पक्षाची बैठक भरली. नाव स्वतंत्र पक्ष, निशाणी तारा. अध्यक्ष झाले आंध्रचे शेतकरी नेते एन. जी. रंगा आणि सरचिटणीस झाले मुंबईचे मिनू मसानी. राजाजी तेव्हा ऐंशी वर्षांचे होते. त्या वयात आपल्याकडं माणूस पारावर बसतो.

पक्षाचं म्हणणं सोपं होतं. जमीन शेतकऱ्याची, धंदा धंदेवाल्याचा, सरकारनं कायदा-सुव्यवस्था बघावी. प्रत्येक कामाला परवाना लागला की परवाना देणारा साहेब राजा होतो आणि लाच वाढते. परमिट-लायसन्स राज हा शब्द राजाजींनीच रूढ केला.

१९६२ च्या लोकसभेत पक्षाला १८ जागा मिळाल्या. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी प्रचंड मतांनी निवडून आल्या. १९६७ ला ४४ जागा मिळाल्या आणि स्वतंत्र पक्ष लोकसभेतला सगळ्यात मोठा विरोधी पक्ष झाला. ओरिसात त्यांचा मुख्यमंत्री बसला, गुजरातेत तो मुख्य विरोधी पक्ष होता.

आपल्याकडं का रुजला नाही?

महाराष्ट्रात मात्र पक्षाचं बस्तान बसलं नाही. इथं साखर कारखाने, सोसायट्या काँग्रेसच्या हातात होत्या आणि विरोधात शेतकऱ्यांसाठी शेकाप होता. दुसरं कारण जास्त खरं आहे. स्वतंत्र पक्षात राजे-महाराजे, जमीनदार, कारखानदार पुढं होते. मराठवाड्यात तर निजाम आणि जहागिरदार नुकतेच गेले होते. कुळकायद्यानं ज्याच्या नावावर पहिल्यांदा सातबारा लागला, तो राजवाड्यातल्या माणसाच्या पक्षाला मत कसं देणार?

पक्षानं जमिनीच्या सिलिंगलाही विरोध केला. १९६४ च्या सतराव्या घटनादुरुस्तीनं आपला १९६१ चा सिलिंग कायदा नवव्या परिशिष्टात गेला. त्या परिशिष्टातल्या कायद्याला मूलभूत हक्काच्या नावाखाली कोर्टात आव्हान देता येत नव्हतं. राजाजींचं म्हणणं होतं की आज मोठ्याची जमीन कोर्टाबाहेर काढली तर उद्या लहानाचीही जाईल. भूमिहीनाचं म्हणणं होतं की मोठ्याची सुटल्याशिवाय मला मिळणार कधी. दोघांच्याही बाजूला तथ्य आहे. ज्याची जमीन तलावाला, हायवेला गेली आणि जो मावेजासाठी खेटे घालतो त्याला पहिली बाजू पटेल. ज्याच्या बापाला कुळकायद्यानं चार एकर मिळाले त्याला दुसरी.

शेवट

१९६२ ला, वयाच्या ८३ व्या वर्षी, राजाजी पहिल्यांदा परदेशी गेले. अणुचाचण्या थांबवा हे सांगायला ते अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींना भेटले. ज्यांनी एकेकाळी हिंदी सक्तीची केली, तेच पुढं हिंदी सक्तीच्या विरोधात उभे राहिले आणि १९६७ ला द्रमुकबरोबर गेले. महाभारत-रामायण सोप्या भाषेत लिहिलं, ते आजही विकलं जातं.

१९७१ च्या इंदिरा लाटेत पक्षाच्या ८ जागा उरल्या. २५ डिसेंबर १९७२ ला राजाजी मद्रासला वारले, वय ९४. आपल्याकडं तेव्हा दुष्काळ होता, लोक खडी फोडत होते. १९७४ ला पक्ष चरणसिंगांच्या भारतीय लोकदलात विलीन झाला.

पण सामुदायिक शेती आली नाही. बांध जागेवर राहिले. १९९४ ला शरद जोशींनी पक्ष काढला तेव्हा त्याचं नाव स्वतंत्र भारत पक्ष ठेवलं, ते उगाच नाही. कांद्याची निर्यात बंद होते, तुरीवर साठ्याची मर्यादा येते, तेव्हा भांडण तेच जुनं असतं.

पुढच्या १७ सप्टेंबरला किल्ल्याकडं बघाल तेव्हा काळा चष्मा आणि पांढरं धोतर घातलेल्या या म्हाताऱ्याचीही आठवण काढा. त्यांचं सगळं पटलंच पाहिजे असं नाही. मलाही पटत नाही. पण सातबारा हातात घेतला की त्यांचा प्रश्न समोर येतोच.