वाफेला कॉफीतून हद्दपार करणारा

मुंबई-पुण्याच्या लग्नसमारंभांत जेवणाच्या पंगतीपलीकडे एका कोपऱ्यात फुसफुसणारे यंत्र असे. अजूनही कुठे कुठे असते. कपात कॉफीची पूड, साखर आणि दूध, त्यात नळीतून सोडलेली वाफ, वर फेस आणि फेसावर चिमूटभर भुकटी. या पेयाला आपल्याकडे कित्येक वर्षे एस्प्रेसो म्हटले गेले. गंमत अशी की, ज्या माणसाने एस्प्रेसोला तिचे आजचे रूप दिले, त्याने आपली उमेदीची वर्षे कॉफीतून वाफ हाकलून देण्यातच घालवली होती.

त्याचे नाव आकिले गाज्जा. जन्म १८९५चा, इटलीतील मिलान शहरातला. तो अभियंता नव्हता. घराण्याचे कॉफीगृह होते आणि त्या कॉफीगृहात उभे राहून गिऱ्हाइकांना कॉफी देणे हा त्याचा व्यवसाय. यंत्रविद्येची पदवी नसलेल्या या माणसाला जे सुचले ते रोजच्या चवीतून सुचले, आणि म्हणूनच त्याचे चरित्र वाचनीय ठरते.

एस्प्रेसो यंत्र काही त्याने प्रथम बनवले नाही. तुरिनच्या आंजेलो मोरिओंदोने १८८४ साली, तर मिलानच्या लुइजी बेझ्झेराने १९०१ साली अशा यंत्रांची पेटंटे घेतली होती. देसिदेरिओ पावोनीने बेझ्झेराचे यंत्र बाजारात रुजवले. उभा, झळझळीत, घुमटाच्या आकाराचा बॉयलर, आत कोंडलेली वाफ आणि त्या वाफेच्या रेट्याने कॉफीच्या पुडीतून ढकलले जाणारे पाणी, असा सगळा मामला. कॉफी झटपट मिळे, पण दोन दोष राहत. वाफेचा दाब वातावरणाच्या दाबाच्या दीड-दोन पटींपलीकडे फारसा जात नसे, आणि पाणी मात्र उकळीच्या अगदी जवळ असे. त्या उष्णतेने पूड करपे आणि कप कडवट होई. दाब वाढवायचा तर वाफ अधिक तापवावी लागे, आणि वाफ तापवली की कडूपणा वाढे. लोकांना त्या चवीची सवय झाली होती. गाज्जाला ती झाली नाही.

५ सप्टेंबर १९३८ रोजी त्याने पेटंटसाठी अर्ज केला. कल्पना साधी होती. पाणी तापवण्याचे काम बॉयलरचे. ते पुडीतून दाबण्याचे काम मात्र दट्ट्याचे. हा दट्ट्या स्क्रूने फिरवून खाली न्यायचा. पुढच्याच वर्षी मिलानच्या व्यापारमेळ्यात हे उपकरण मांडले गेले. पण लवकरच युद्ध पेटले. इटलीत खरी कॉफीच दुर्मीळ झाली आणि लोक भाजलेल्या जवाचा व चिकोरीचा काढा पिऊ लागले. १९४३ साली बॉम्बवर्षावाने मिलान होरपळले. अशा काळात कॉफीच्या चवीची चिंता कोण वाहणार?

गाज्जाने ती सोडली नाही. १९४७ साली त्याने दुसरे पेटंट घेतले आणि त्यात स्क्रूची जागा तरफ व स्प्रिंगने घेतली. तरफ खाली ओढली की स्प्रिंग आवळली जाई आणि दट्ट्याखालच्या पोकळीत गरम पाणी भरे. तरफ सोडली की स्प्रिंग पसरत दट्ट्याला रेटी आणि पाणी पुडीतून निघे. हात निसटला तर तरफ हनुवटीवर आदळण्याची भीती असे, इतकी ती स्प्रिंग जबरदस्त. दाब वातावरणाच्या आठ-नऊ पट. एस्प्रेसोचा कप एवढासा का, याचे एक कारणही इथे सापडते: दट्ट्याखाली मावेल तेवढेच पाणी. सात-आठ ग्रॅम बारीक दळलेली पूड, नव्वदीच्या आसपासचे पाणी, पंचवीस-तीस सेकंदांची धार आणि तीसेक मिलिलिटर कॉफी हे प्रमाण पुढे या यंत्रांच्या आधारेच रूढ झाले.

१९४८ साली त्याच्या नावाची कंपनी उभी राहिली आणि एर्नेस्टो व्हालेंतेच्या फाएमा कारखान्याने त्याची यंत्रे घडवायला घेतली. मात्र कपावर एक अनपेक्षित गोष्ट तरंगत होती. भाजलेल्या दाण्यांतला कर्बवायू आणि तेल दाबाखाली मिसळून तांबूस फेसाचा थर येई. गिऱ्हाइकांना तो मळ वाटला. गाज्जाने त्याला कॉफीची साय असे नाव दिले आणि यंत्र वाफेविना चालते, हे यंत्रावरच ठळकपणे लिहिले. दोषाचा गुण झाला. आज तो फेस नसेल तर पिणारा कप परत करतो.

वाफ अर्थात यंत्रातून गेली नाही. तिला दुधाकडे धाडण्यात आले. घरी एस्प्रेसो करू पाहणाऱ्यांची निम्मी फजिती ही वाटणी विसरल्याने होते. एकाच बॉयलरच्या घरगुती यंत्रात वाफेसाठी पाणी शंभर अंशांच्या बरेच वर न्यावे लागते. त्या पाण्यावर लगेच कॉफी काढली तर १९३८पूर्वीचाच कडवटपणा कपात उतरतो. म्हणून आधी कॉफी, मग दूध. किंवा दूध झाल्यावर पाणी सोडून यंत्र निववणे. दुधाचेही तंत्र आहे. दूध थंड घ्यावे. नळीतले साचलेले पाणी आधी उडवून टाकावे. तोंड पृष्ठभागाखाली जेमतेम ठेवून काही क्षण हवा घ्यावी, मग ते खोल नेऊन दूध भोवऱ्यासारखे फिरू द्यावे. भांडे हाताला सोसेनासे झाले, म्हणजे साठ-पासष्ट अंश झाले, की थांबावे. पुढे तापवलेल्या दुधाचा गोडवा जातो. धार फार वेगाने पडली तर दळण बारीक करावे, थेंब थेंब पडली तर जाडसर. या दुरुस्तीला नवे यंत्र लागत नाही.

घराचा विचार गाज्जाच्या कंपनीने पन्नासच्या दशकातच केला होता. जिल्डा नावाचे छोटे तरफेचे यंत्र स्वयंपाकघरासाठी निघाले. १९५३ साली लंडनच्या सोहोत अभिनेत्री जिना लोलोब्रिजिदाच्या हस्ते उघडलेल्या मोका बारमध्येही गाज्जाचेच यंत्र होते.

व्हालेंतेशी असलेली भागीदारी मात्र टिकली नाही. फाएमाने स्वतंत्र वाट धरली आणि १९६१ साली ई-६१ हे यंत्र आणले. त्यात तरफ ओढण्याचे कष्टच नव्हते. पाणी विजेचा पंप दाबत होता. त्याच वर्षी मिलानमध्ये गाज्जाचे निधन झाले. नव्या पंपाचा दाब ठरवला गेला तो वातावरणाच्या सुमारे नऊ पट, म्हणजे त्याच्या स्प्रिंगने दाखवून दिला होता तेवढाच.