मासे ओळखणारा राजा

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याची आणि माझी ओळख झाली ती गाण्यामुळे. माझे वडील राजवाड्याच्या पदरी गवई होते. जुन्या संगीतग्रंथांची नावे आम्ही भावंडे त्यांच्याच तोंडून ऐकत आलो. त्यांत या राजाच्या ‘मानसोल्लासा’चे नाव हटकून येई. पुढे शिकवणीच्या निमित्ताने त्यातले गीतविनोद, वाद्यविनोद वाचू लागलो, तो त्याच मालिकेत मत्स्यविनोद नावाचे प्रकरण दिसले. गळाने मासे कसे धरावेत, हे एका चक्रवर्तीने लिहून ठेवावे याचे मोठे नवल वाटले.

सोमेश्वर हा सहाव्या विक्रमादित्याचा पुत्र. बापाच्या दरबारी बिल्हणासारखा कवी आणि ‘मिताक्षरा’कार विज्ञानेश्वर होते. अशा वातावरणात वाढलेला मुलगा 1126-27 च्या सुमारास गादीवर आला. त्याची राजधानी कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. आपल्या करवीरचे शिलाहार आणि बेळगावकडचे रट्ट हे या घराण्याचे मांडलिक. दक्षिणेत होयसळ विष्णुवर्धन डोके वर काढीत होता. पण सोमेश्वराचा ओढा तलवारीपेक्षा लेखणीकडे अधिक. भूलोकमल्ल आणि सर्वज्ञ ही त्याची बिरुदे. बापाचे चरित्र त्याने लिहावयास घेतले, ते अपुरे राहिले; ‘मानसोल्लास’ मात्र पूर्ण झाला.

1130 च्या आसपासचा हा संस्कृत ग्रंथ पाच विंशतींचा, शंभर प्रकरणांचा. राज्यकारभार, हत्ती, स्वयंपाक, चित्रकला, संगीत, सारे त्यात आहे. महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओवी गातात, ही नोंदही त्याने केली. बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी तो संपादून प्रसिद्ध केला.

मत्स्यविनोदात राजा आधी मासे ओळखावयास शिकवतो. समुद्राचे कोणते, नदीचे कोणते. खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते. लहान कोणते, मोठे कोणते. अशा सुमारे पस्तीस जाती त्याने सांगितल्या आहेत. कोणाला काय खाद्य रुचते, हेही सांगितले आहे. त्यानंतर दोरी, काठी आणि गळ. सोमेश्वर अहिंसावादी नव्हता. माशांचे पदार्थही त्याच ग्रंथात आहेत. परंतु ज्याला मारावयाचे त्यालाही आधी खाऊ घालावे, त्याचा स्वभाव जाणावा, ही त्याची रीत. आम्हां गवयांना हे लगेच पटते. आधी कान तयार होतो, मग गळा.

माझे आजोळ संकेश्वरचे. सुट्टीत वडील आम्हांला हिरण्यकेशीवर नेत. रियाज झाला की कणकेच्या गोळ्या पाण्यात टाकीत, आणि माशांची झुंबड उडे. शेजारी गळ टाकून बसलेली माणसे असत. वाम किंवा मरळ लागली की पोरे ओरडत. एका उन्हाळ्यात सकाळी गेलो, तो डोहभर पांढरी पोटे तरंगत होती. रात्री कोणी पाण्यात विषारी पूड टाकली होती. बोटाएवढी पिलेही सुटली नव्हती. वडिलांनी गोळ्यांची पुरचुंडी तशीच परत आणली. त्या दिवशी ते गायले नाहीत.

सोमेश्वर 1138 मध्ये गेला. त्याचा मुलगा जगदेकमल्ल याने ‘संगीतचूडामणि’ लिहिला, म्हणजे गाण्याचा वारसा घरात टिकला. मत्स्यविनोदाचा वारस मात्र कोणी झाले नाही. आज आपल्या नद्यांना विषारी पूड आणि सुरुंग आहेतच, शिवाय शहरांचे आणि कारखान्यांचे सांडपाणी आहे. पंचगंगेवर मेलेल्या माशांचा खच आपण किती वेळा पाहिला!

तरी आशेला जागा आहे. याच हिरण्यकेशीच्या उगमाशी, आंबोलीच्या देवळातील कुंडात, 2020 मध्ये माशाची एक नवी जात शास्त्रज्ञांनी नोंदली आणि नदीचेच नाव तिला दिले. 2021 मध्ये महाराष्ट्र शासनाने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. देवाचे पाणी म्हणून लोकांनी जे राखले, त्यात आजवर अनोळखी राहिलेला जीव सापडला. उगमाशी जे जपले, ते खाली संकेश्वरापर्यंत जपता येणार नाही काय? गळ जरूर टाकावा, सोमेश्वरानेही टाकला. पण ज्याला माशाचे नाव सांगता येत नाही, त्याने नदीत हात घालू नये.