डोक्याला टाके पडलेला डिफेंडर स्ट्रायकर म्हणून उतरला आणि भारताला सोनं मिळालं : जर्नेल सिंगची गोष्ट

शनिवारी रात्री वाकडमधल्या कुठल्याही टर्फवर जा. टीम पाडताना एक गोष्ट हमखास दिसते. प्रत्येकाला पुढं खेळायचं असतं. गोल मारायचा, हात पसरून पळायचं, तेवढं रील झालं की विषय संपला. मागं कोण थांबणार यावर मात्र वाद होतो. शेवटी ज्याला नाही म्हणता येत नाही तो बिचारा डिफेन्सला जातो.

पण भारतीय फुटबॉलचा सगळ्यात मोठा दिवस कोणता असं विचारलं, तर उत्तरात एका डिफेंडरचं नाव येतं. त्यानं त्या दिवशी गोल अडवले म्हणून नाही, तर मारला म्हणून. आणि तोही डोक्याला टाके असताना.

त्याचं नाव जर्नेल सिंग ढिल्लों.

फाळणीत गाव सुटलं, फुटबॉल सुटला नाही

जर्नेलचा जन्म २० फेब्रुवारी १९३६ चा. तेव्हाच्या अखंड पंजाबातल्या लायलपूर भागातला. हे लायलपूर आज पाकिस्तानात आहे आणि त्याचं नाव फैसलाबाद. १९४७ ला फाळणी झाली तेव्हा जर्नेल अकरा वर्षांचा होता. लाखो कुटुंबांसारखं त्याचंही कुटुंब घरदार मागं टाकून इकडं आलं आणि होशियारपूर जिल्ह्यातल्या पनाम गावात राहिलं.

याच जिल्ह्यात माहिलपूर आहे. आपल्याकडं कुस्ती म्हटलं की जसं कोल्हापूर, तसं पंजाबात फुटबॉल म्हटलं की माहिलपूर. तिथल्या खालसा कॉलेजनं पिढ्यान् पिढ्या खेळाडू दिले. जर्नेल तिथंच घडला. कॉलेजात असताना तो पुढच्या फळीतही खेळला होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

कोलकात्याच्या मैदानावर सरदार

त्या काळी फुटबॉलमध्ये नाव कमवायचं तर गाठायचं शहर एकच, कोलकाता. १९५८ मध्ये जर्नेल तिथल्या राजस्थान क्लबकडून खेळायला लागला. पुढच्याच वर्षी त्याला मोहन बागाननं घेतलं आणि १९६८ पर्यंत तो तिथंच राहिला.

बंगाली प्रेक्षक फुटबॉलच्या बाबतीत चोखंदळ. त्यांना नाजूक पासिंग आवडायचं, ड्रिबलिंग आवडायचं. जर्नेलचा खेळ अगदी उलटा. धिप्पाड शरीर, केसांचा बुचडा बांधलेला, हवेतला प्रत्येक चेंडू आपलाच आहे अशा थाटात उडी मारणारा. त्याचं टॅकल म्हणजे समोरच्या फॉरवर्डला धडकी. चेंडू घेऊन त्याच्याकडं जायच्या आधी लोक दोनदा विचार करायचे. तरीही त्याच प्रेक्षकांनी या पंजाबी गड्याला आपलं मानलं.

कारण निकाल समोर होते. जर्नेलच्या काळात मोहन बागाननं १९६२ ते १९६५ अशी सलग ४ वर्षं कलकत्ता लीग जिंकली. १९६३, १९६४ आणि १९६५ अशी ड्युरँड कपची हॅट्‌ट्रिक केली. १९६६ मध्ये मुंबईचा रोव्हर्स कपही उचलला. ही स्पर्धा १८९१ पासूनची. कुपरेजवर तिचे सामने असले की मुंबईकर गर्दी करायचे आणि देशातले सगळे मोठे क्लब तिथं यायचे.

रोममध्ये फ्रान्सला रोखलं

१९६० ला रोम ऑलिंपिक झालं. भारताच्या गटात होते हंगेरी, फ्रान्स आणि पेरू. हंगेरीनं आपल्याला हरवलं, पण फक्त २-१ नं. फ्रान्ससोबत १-१ अशी बरोबरी झाली. पेरूनं ३-१ असं हरवलं आणि आपण बाहेर पडलो.

कागदावर बघितलं तर एकही विजय नाही. पण युरोपातल्या टीमसमोर आपली मागची फळी उभी राहू शकते हे त्या स्पर्धेत दिसलं. त्या फळीच्या मध्यभागी २४ वर्षांचा जर्नेल होता.

टीमचे कोच होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. १९५१ च्या एशियन गेम्सचं सोनं आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधला चौथा क्रमांक, दोन्ही त्यांच्याच टीमचं. रहीम साहेबांची खासियत म्हणजे माणूस कुठं जास्त उपयोगी पडेल हे ओळखणं. त्यांचा सगळ्यात मोठा जुगार अजून बाकी होता.

जकार्ता १९६२ : सुरुवातच हरून

१९६२ चे एशियन गेम्स इंडोनेशियात जकार्ताला होते. पहिल्याच मॅचमध्ये दक्षिण कोरियानं आपल्याला २-० नं हरवलं. कोरिया म्हणजे तेव्हाचा आशियातला दादा. १९५६ आणि १९६० असे पहिले दोन्ही एशियन कप त्यांच्याकडंच.

पुढची मॅच थायलंडशी. ती आपण ४-१ नं जिंकली, पण जर्नेलच्या डोक्याला जबर मार लागला. जखम शिवावी लागली. पुढं जपानला २-० नं हरवून टीम सेमीफायनलला पोहोचली.

आता इथं थोडं थांबून एक नियम समजून घेऊ. आज मॅच सुरू असताना खेळाडू जखमी झाला तर बदली खेळाडू येतो. तेव्हा ही सोय नव्हती. वर्ल्ड कपमध्येसुद्धा बदली खेळाडू पहिल्यांदा दिसला तो १९७० साली. म्हणजे मैदानात उतरलेल्या ११ पैकी एक बाहेर गेला, तर उरलेल्या दहांनीच मॅच काढायची.

रहीम साहेबांपुढं म्हणून अवघड गणित होतं. मागच्या फळीत डोक्यानं चेंडू मारणं हे जर्नेलचं रोजचं काम, आणि नेमकं डोकंच फुटलेलं. त्याला बसवावं, तर एवढा तगडा गडी हातचा जातो. त्याला मागं ठेवावं, तर प्रत्येक उंच चेंडूला टाके उसवायची भीती.

रहीम साहेबांनी तिसराच रस्ता काढला. कॉलेजात हा पोरगा पुढं खेळायचा हे त्यांनी हेरलं आणि जर्नेलला थेट सेंटर फॉरवर्ड केलं. बचावाची जबाबदारी अरुण घोष आणि बाकीच्यांवर टाकली.

सेमीफायनलला समोर दक्षिण व्हिएतनाम होतं. कॅप्टन चुनी गोस्वामीनं पहिला गोल केला, जर्नेलनं दुसरा. मग व्हिएतनामनं दोन्ही गोल फेडले. शेवटी चुनीनंच तिसरा मारला आणि ३-२ नं आपण फायनलमध्ये गेलो. तिथं पुन्हा तोच कोरिया.

सगळं स्टेडियम विरोधात

फायनल होती ४ सप्टेंबर १९६२ ला. पण त्याआधीच मैदानाबाहेर आग लागली होती.

झालं असं की, यजमान इंडोनेशियानं इस्राईल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊच दिलं नाही. भारताचे क्रीडा प्रशासक गुरुदत्त सोंधी यांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला. मग या स्पर्धेला एशियन गेम्स म्हणायचं कशाला, असा त्यांचा मुद्दा होता. त्यावरून जकार्तात भारताविरोधात वातावरण तापलं. भारतीय दूतावासावर जमाव चालून गेला.

अशा शहरात आपली पोरं फायनल खेळायला निघाली. पगडीवरून भारतीय टीम लगेच ओळखू येईल म्हणून टीममधल्या सरदार खेळाडूंना बसमध्ये खाली बसून जावं लागलं, असा किस्सा तेव्हापासून सांगितला जातो. स्टेडियममध्ये जवळपास १ लाख लोक होते आणि बहुतेक सगळे भारताच्या विरोधात ओरडत होते. त्या गर्दीत भारताच्या बाजूनं आवाज लावणारे जे थोडे होते, त्यांत पाकिस्तानची हॉकी टीम होती, असंही त्या दिवसाबद्दल आवर्जून सांगितलं जातं.

मॅच सुरू झाली. १७ व्या मिनिटाला पी. के. बॅनर्जीनं पहिला गोल ठोकला. कोरिया सावरतोय तोवर तीनच मिनिटांत फॉर्च्युनाटो फ्रँकोच्या फ्री-किकवरून आलेला चेंडू जर्नेलनं जाळ्यात धाडला. २-०!

हा फ्रँको आपल्याकडचाच. मूळचा गोव्याचा, मुंबईत टाटांच्या टीमकडून खेळणारा. त्याच टीममध्ये मुंबईच्या कॅलटेक्सकडून खेळणारा बचावपटू ओ. चंद्रशेखरनही होता. महाराष्ट्रानं १९६३-६४ ची संतोष ट्रॉफी जिंकली, तेव्हा कॅप्टन हाच चंद्रशेखरन. त्यामुळं जकार्ताच्या सोन्यात मुंबईचाही वाटा आहे.

शेवटच्या काही मिनिटांत कोरियानं एक गोल परत केला. पण वेळ संपली. २-१. भारत आशियाचा चॅम्पियन.

पुरुषांच्या फुटबॉलमध्ये एशियन गेम्सचं सोनं त्यानंतर आजपर्यंत भारताला मिळालेलं नाही. रहीम साहेब पुढच्याच वर्षी, जून १९६३ मध्ये कॅन्सरनं गेले. ही त्यांची शेवटची मोठी स्पर्धा ठरली. २०२४ मध्ये आलेला अजय देवगणचा 'मैदान' पिक्चर त्यांच्याच आयुष्यावर आहे.

कौतुक करायचं, पण कशाचं?

ही गोष्ट सांगताना आपण सहज एक चूक करतो. डोक्याला टाके असताना खेळला, केवढा शूर, आजच्या पोरांनी शिकावं, असं म्हणून मोकळे होतो.

जर्नेल शूर होता यात वाद नाही. पण त्याच्यासमोर पर्याय किती होते हेही बघायला पाहिजे. डोक्याच्या माराबद्दल तेव्हा आजच्याइतकं माहीत नव्हतं. आज मेंदूला मार बसल्याची नुसती शंका आली तरी खेळाडूला बाहेर काढायला सांगतात, आणि अशा वेळी जादा बदली खेळाडू देण्याची तरतूदही फुटबॉलच्या नियमांत आली आहे. त्यामुळं टर्फवर दोघांची डोकी आपटली, तर जर्नेलचं उदाहरण देऊन कुणाला खेळत ठेवू नका. त्याला बसवा आणि डॉक्टरकडं न्या.

जर्नेलकडून घ्यायची गोष्ट वेगळी आहे. देशातला सगळ्यात भारी डिफेंडर म्हणून नाव झालेलं असताना, सगळ्यात मोठ्या मॅचमध्ये त्याला वेगळंच काम दिलं गेलं. तिथं तो फसला असता तर लोकांनी त्याच्यावरही बोट ठेवलं असतं आणि कोचवरही. पण टीमला गरज होती, तो गेला आणि त्यानं दोन मॅचमध्ये दोन गोल केले. स्पर्धा संपल्यावर तो परत आपल्या जागेवर, मागच्या फळीत आला.

आशियाचा कॅप्टन

१९६४ मध्ये जर्नेलला अर्जुन पुरस्कार मिळाला. नंतर तो भारताचा कॅप्टन झाला. १९६६ च्या बँकॉक एशियन गेम्समध्ये टीम त्याच्याच नेतृत्वाखाली गेली, पण यावेळी गटातच गाडी अडकली. त्याच सुमारास आशियातल्या निवडक खेळाडूंची ऑल स्टार टीम बनवली गेली आणि तिचं कॅप्टनपद जर्नेलकडं आलं. एका भारतीय डिफेंडरला आशियाच्या टीमचा कॅप्टन करावं अशी तेव्हा आपली पत होती. आज हे वाचताना विश्वास बसत नाही.

मोहन बागान सोडल्यावर तो पंजाबात परतला. खेळाडू तयार करणं हे आता त्याचं काम झालं. तोवर संतोष ट्रॉफी म्हणजे बंगालचा गड. १९७४ मध्ये जर्नेल कोच असलेल्या पंजाबनं फायनलमध्ये त्याच बंगालला ६-० नं लोळवलं. ज्या बंगालनं त्याला मोठं केलं, त्यालाच त्याच्या पोरांनी अर्धा डझन गोल दिले. पुढं पंजाबच्या क्रीडा विभागात काम करत तो संचालकपदापर्यंत पोहोचला.

१३ ऑक्टोबर २००० ला कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये जर्नेल सिंगचं निधन झालं. वय ६४. लायलपूरमध्ये जन्मलेला, पनामला वाढलेला, कोलकात्यानं डोक्यावर घेतलेला हा माणूस घरापासून हजारो किलोमीटरवर गेला.

डिफेंडरच्या कामाचा हिशोब ठेवणं अवघड असतं. गोल मोजता येतात, पण जे झालेच नाहीत ते गोल कोण मोजणार? जर्नेलनं १० वर्षं असे न झालेले गोल जमा केले. पण रेकॉर्डमध्ये त्याच्या नावापुढं ठळक दिसतो तो २० व्या मिनिटाचा गोल. त्या एका ओळीमुळं का होईना, लोक आजही विचारतात की हा जर्नेल सिंग कोण होता. पुढच्या वेळी कुणी विचारलं, तर आधी सांगा की तो डिफेंडर होता.