भर उन्हात उडणारा पतंग आणि कारवारचे बेल

गावात हमिंगबर्ड दिसल्याचं सांगणारं एखादं रील तुमच्या मोबाइलवर कधी ना कधी येऊन गेलंच असेल. घाणेरीच्या नाहीतर इक्झोराच्या फुलापुढे हवेत एका जागी थांबलेला इवलासा जीव. पंखांची नुसती भिरभिर, पुढे लांब चोच आणि खाली लाइक्सचा पाऊस. पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा, हमिंगबर्ड हा पक्षी फक्त उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत सापडतो. भारतात तो नाहीच. मग मुरूमच्या एखाद्या अंगणात तसं काही दिसलं, तर ते काय असेल?

तो असतो पतंग. उडवायचा नव्हे, फुलपाखराच्या नात्यातला. या कुळाला हॉकमॉथ म्हणतात. पतंग म्हटलं की आपल्याला रात्री दिव्याभोवती घिरट्या घालणारे किडे आठवतात आणि हॉकमॉथही बहुतेक संध्याकाळी नाहीतर रात्रीच फिरतात. काही मात्र भर उन्हात कामाला लागतात. त्यातल्या एकाचं शास्त्रीय नाव सेफोनोडिस हायलस. कोषातून बाहेर येतो तेव्हा त्याच्या पंखांवर राखाडी खवले असतात. पहिल्याच उड्डाणात ते झडतात आणि पंख काचेसारखे आरपार दिसू लागतात. लांबून बघणाऱ्याला तो भुंगाच वाटतो. दुसरा गट मॅक्रोग्लोसमचा. त्यांच्या शेपटाकडे केसांचा पंखा असतो, म्हणून ते पक्ष्यासारखे दिसतात. आणि ती चोच? ती असते सोंड. रस पिऊन झाला की स्प्रिंगसारखी गुंडाळून ठेवता येणारी.

या सोंडेमुळेच ते फुलांच्या कामाचे. काही फुलांची नळी इतकी लांब असते की मधमाशीची जीभ तळाशी पोहोचत नाही. हॉकमॉथची सोंड पोहोचते. रस पिताना पराग सोंडेला आणि तोंडाला चिकटतात आणि पुढच्या फुलावर जाऊन पडतात.

आपल्या भागातल्या या पतंगांची पुरी कुंडली ज्यांनी मांडली, त्यांची आज ओळख करून घ्या. थॉमस रीड डेव्हिस बेल. जन्म १८६३ चा, आयर्लंडमधल्या कॉर्क परगण्यातल्या बँडन गावचा. १८८४ साली, तुमच्यापेक्षा जेमतेम एक-दोन वर्षांनी मोठे असताना, ते वनखात्याच्या नोकरीत मुंबई इलाख्यात आले. नेमणूक मिळाली धारवाडला. तेव्हा आपलं मुरूम निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं आणि धारवाड, कारवार हे जिल्हे मुंबई इलाख्यात. आज ते कर्नाटकात आहेत.

पुढे बेल कारवारच्या जंगलात रमले. त्यांना साथ मिळाली दोन वेगळ्याच खात्यांतल्या माणसांची. एक जे. डेव्हिडसन, जिल्ह्याचे कलेक्टर. दुसरे एडवर्ड हॅमिल्टन एटकेन, मीठ आणि जकात खात्यातले. हे एटकेन १८५१ मध्ये आपल्या साताऱ्यात जन्मलेले, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवलेले. १८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू झाली, तिच्या संस्थापकांतही ते होते. जंगल, महसूल आणि मीठ अशा तीन खात्यांचे हे तीन साहेब. कीटकशास्त्र हा तिघांपैकी कोणाच्याच नोकरीचा भाग नव्हता. तरी नोकरी सांभाळून त्यांनी कारवार जिल्ह्यातल्या फुलपाखरांवर लेखमाला लिहिली आणि १८९६ पासून ती सोसायटीच्या नियतकालिकात छापून आली.

आता यात विशेष काय, असं तुम्ही म्हणाल. फुलपाखरं गोळा करणारे साहेब तर तेव्हा ढिगाने होते. खरंय. पण बहुतेकांची रीत ठरलेली होती. जाळीत पकडायचं, टाचणीला टोचायचं, पेटीत लावायचं. अशा पेटीतल्या कीटकाचं नाव कळतं, रंग कळतो. तो कुठल्या झाडावर वाढला, अळी असताना कसा होता, कोष कुठे केला, यातलं काहीच कळत नाही.

बेल आणि त्यांच्या मित्रांनी उलट्या टोकाने सुरुवात केली. ते अळ्या शोधायचे. झाडाच्या पानासकट अळी घरी आणायची, रोज त्याच झाडाची ताजी पानं घालायची, ती कात कधी टाकते, रंग कसा बदलते, काय खाते हे टिपून ठेवायचं आणि कोषातून पतंग बाहेर येईपर्यंत थांबायचं. काम कंटाळवाणं. अळी मधेच मरते. कधी कोषातून पतंगाऐवजी भलतीच माशी निघते, कारण तिने आधीच अळीत अंडी घातलेली असतात. मग पुन्हा पहिल्यापासून. या चिकाटीमुळे अळी आणि पतंग ही एकाच जीवाची दोन रूपं आहेत हे नुसत्या अंदाजाने नाही, तर पुराव्यानिशी सांगता आलं.

१९०९ पासून बेल यांनी भारताच्या मैदानी भागातल्या फुलपाखरांवर एकट्याने लेखमाला लिहिली आणि ती वर्षानुवर्षं चालली. झाडं ओळखल्याशिवाय अळ्या सापडत नाहीत, म्हणून ते वनस्पतीही गोळा करू लागले. निवृत्त झाल्यावर मायदेशी न परतता कारवारलाच राहिले.

त्यांचं सगळ्यात मोठं काम मात्र यायचं होतं. ब्रिटिश भारतातल्या प्राण्यांवर एक ग्रंथमाला निघत होती. तिच्यातले पतंगांचे पहिले चार खंड जॉर्ज हॅम्पसन यांनी १८९२ ते १८९६ या काळात केले. पाचवा खंड आला थेट १९३७ मध्ये. तो होता फक्त हॉकमॉथवर आणि लेखक होते बेल आणि मेजर एफ. बी. स्कॉट. यात पतंगाबरोबर त्याची अळी, कोष, खाण्याचं झाड आणि सवयी असं सगळं आलं. हिशोब करून बघा. भारतात आल्याला ५३ वर्षं झालेली आणि बेल यांचं वय ७४. पुढे १९४८ मध्ये कारवारलाच त्यांचं निधन झालं.

मग त्यांच्या त्या अळ्यांचं आज आपल्याला काय? थेट उपयोग आहे. मोठा पतंग कुठल्याही बागेत येऊन रस पिईल, पण मादी अंडी घालते ती ठरावीक झाडांवरच. काचपंखी सेफोनोडिसची अळी अनंत, गेळा, पापट अशा एकाच कुळातल्या झाडांची पानं खाते. म्हणजे अंगणात फुलांच्या शंभर कुंड्या मांडल्या आणि बांधावरची झुडपं जेसीबीने साफ केली, तर पाहुण्याला चहा आहे पण पोरांना जेवण नाही, अशी गत होते. फवारणीचंही तेच. औषध पतंगाला लागलं नाही तरी अळीला लागतं. केनियात पपईच्या झाडांवर अभ्यास झाला, तेव्हा नर झाडाचे पराग मादी झाडापर्यंत नेण्याचं काम मुख्यतः हॉकमॉथच करतात असं दिसलं. पतंग गेले की फळधारणेला फटका बसतो, तो असा.

आणि बेल यांची पद्धत तुम्हाला आजही जमण्यासारखी आहे. लॅब नको, ग्रँट नको. उमरगा तालुक्यात तिळाचं शेत असेल, दारात कण्हेर किंवा अनंत असेल, तिथे पावसाळ्यात पानं बघा. शेपटाकडे एक शिंग असलेली जाडजूड अळी दिसली, तर ती बहुधा हॉकमॉथची. शिंगाला घाबरू नका, ते टोचत नाही. तिळावरची आणि कण्हेरीवरची अळी वाढून रात्री उडणारे पतंग होतात, अनंतावरची दिवसा उडणारा काचपंखी होऊ शकते. एका डब्यात तळाला चार बोटं ओलसर माती घाला, कारण यातल्या बऱ्याच अळ्या मातीत किंवा पालापाचोळ्यात कोष करतात. झाकणाला भोकं पाडा. ज्या झाडावर सापडली त्याचीच पानं रोज द्या. तारीख, झाड, रंग वहीत लिहा आणि मोबाइलवर फोटो काढा. पतंग बाहेर आला, पंख सुकले की सोडून द्या.

झुऑलॉजीचा प्रोजेक्ट शोधत असाल, तर मुरूममधल्या झाडांवरच्या हॉकमॉथच्या अळ्या हा विषय सरांना सुचवून बघा. आणि पुढच्या वेळी ग्रुपवर हमिंगबर्डचा व्हिडिओ आला, तर फॉरवर्ड करायच्या आधी थांबवून डोकं झूम करा. दोन मिशा दिसल्या, तर तो पक्षी नाही. मग तो कुठल्या झाडावर वाढला असेल, ते शोधायला निघा.