मुठीत स्प्रिंग धरणारा सँडो

बिनबाह्यांच्या बनियनला आपल्याकडे घरोघरी सँडो म्हणतात. दुकानात मागताना माप सांगावे लागते. सँडो म्हणजे कोण, हे कुणी विचारत नाही. ज्याच्या नावावरून हा शब्द आला, तो यूजेन सँडो एके काळी जगातला सर्वांत बलदंड माणूस म्हणून ओळखला जाई. त्याने व्यायामाचे एक छोटे यंत्र बाजारात आणले. त्या यंत्राने त्याला नाव आणि पैसा दोन्ही दिले, आणि त्याच्या कीर्तीला लागलेला संशयही त्याच यंत्राभोवती घोटाळत राहिला.

सँडोचे खरे नाव फ्रीडरिश विल्हेल्म म्यूलर. जन्म २ एप्रिल १८६७ चा, प्रशियातील क्योनिग्सबर्ग या शहरातला. ते शहर आज कालिनिनग्राड या नावाने रशियात आहे. सक्तीची लष्करी नोकरी टाळण्यासाठी तो १८८५ च्या सुमारास देश सोडून निघाला आणि सर्कशींबरोबर युरोपभर हिंडू लागला. ब्रुसेल्समध्ये त्याची गाठ लुई दुर्लाखर या गुरूशी पडली. रंगमंचावर हा गुरू प्रोफेसर अटिला या नावाने वावरे. अटिलाच्या तालमीत जड वजनांचा रियाझ होता. सँडोचे दंड, खांदे आणि पाठ तिथे घडली. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे ती फार महत्त्वाची ठरते.

१८८९ च्या हिवाळ्याच्या तोंडावर लंडनमध्ये चार्ल्स सॅम्पसन नावाचा पहिलवान आपल्याला हरवणाऱ्यास रोख बक्षीस देण्याची घोषणा रोज रंगमंचावरून करीत असे. सँडो प्रेक्षकांतून उठला. त्याने आधी सॅम्पसनचा शिष्य सायक्लॉप्स याला आणि नंतर खुद्द सॅम्पसनला नमवले. एका रात्रीत तो लंडनचा झाला. १८९३ मध्ये अमेरिकेत फ्लोरेंझ झीगफेल्ड या तरुण व्यवस्थापकाने त्याला शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या काळात रंगमंचावर उभे केले. सँडो किती वजन उचलतो यापेक्षा तो दिसतो कसा, यासाठी लोक तिकिटे काढतात, हे झीगफेल्डने ओळखले. पुढच्याच वर्षी एडिसनच्या स्टुडिओत सँडोच्या पिळदार शरीराचे चलच्चित्र टिपले गेले. चित्रपटकलेच्या आरंभीच्या नमुन्यांत त्याची गणना होते.

शरीर दाखवून पैसा मिळतो, मग शरीर घडवण्याची रीत विकून किती मिळेल? १८९७ मध्ये सँडोने लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर व्यायामसंस्था उघडली, पुस्तक लिहिले आणि १८९८ मध्ये मासिक काढले. एकोणिसावे शतक संपता संपता त्याचे स्प्रिंगचे डंबेल बाजारात आले.

जड वजन उचलताना आधी कोण हार मानतो, हे कोणत्याही तालमीतला वस्ताद सांगेल. मांड्या तयार असतात, पाठही तयार असते; उघडतात ती बोटे. आजचे वजन उचलणारे तळहाताला मॅग्नेशियमची पांढरी पूड चोळतात, अंगठा दांड्याला लावून त्यावर बोटांचा विळखा घालतात. सरावात काही जण मनगटाला पट्टा बांधून तो दांड्याभोवती गुंडाळतात. पट्टा बोटांचे काम हलके करतो, म्हणूनच ऑलिंपिक प्रकारच्या स्पर्धेत त्याला मुभा नाही. सँडोचा मार्ग याच्या नेमका उलट होता. त्याने बोटांचे काम वाढवले.

त्याच्या डंबेलची मूठ उभी दोन भागांत चिरलेली होती. दोन्ही भागांच्या मध्ये स्प्रिंगा बसवलेल्या. डंबेल हातात घेतल्यावर मूठ आवळून हे दोन भाग एकमेकांना भिडवायचे आणि सर्व व्यायाम संपेपर्यंत तसेच धरून ठेवायचे. ताकद वाढेल तसतशा स्प्रिंगा वाढवायच्या. पुरुष, स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी वेगवेगळे नमुने होते. यामागचा विचार वाटतो तितका भाबडा नव्हता. हलके डंबेल वरखाली करताना माणसाचे मन भलतीकडे भटकते, हात आपोआप हलत राहतो आणि स्नायूला काहीच मिळत नाही. मूठ सैल पडताच स्प्रिंग उघडते आणि आपली गफलत आपल्यालाच कळते. मन स्नायूत ओतले पाहिजे हे सँडोचे तत्त्व होते. स्प्रिंग त्या मनावर बसवलेली पहारेकरी होती. कचेरीत बसणाऱ्या कारकुनाला तालीम नको, वस्ताद नको, खोलीच्या कोपऱ्यात काही मिनिटे पुरेत, हे त्याला भावले.

संशय इथेच सुरू होतो. सँडोचे स्वतःचे शरीर या डंबेलने घडलेच नव्हते. ते घडले अटिलाच्या जड लोखंडाने. हलक्या साधनांवर आपल्यासारखे शरीर मिळेल, असा समज त्याच्या जाहिरातींतून पसरत होता आणि त्याने तो पसरू दिला. वजन उचलण्याच्या क्षेत्रातील अनेकांना हे खटकत असे. या लेखकालाही ते खटकते. तरीही हे डंबेल निव्वळ फसवणूक होते असे म्हणता येत नाही. मूठ आणि मनगट त्याने मजबूत होत असणार. भव्य छाती तेवढी होत नसणार.

१४ सप्टेंबर १९०१ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये सँडोने शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरवली. त्याच्याबरोबर शिल्पकार सर चार्ल्स लॉज आणि कादंबरीकार आर्थर कॉनन डॉयल परीक्षक होते. विजेत्याला सँडोचीच छोटी मूर्ती मिळाली. मिस्टर ऑलिंपिया स्पर्धेच्या विजेत्यालाही त्याचीच मूर्ती देतात.

१९०४-०५ च्या दौऱ्यात तो हिंदुस्थानात आला, मुंबईतही त्याचे खेळ झाले. पण त्याची साधने त्याच्या आधीच इथे पोहोचली होती. औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १८९७ मध्ये सँडोची साधने आणि पुस्तके विकत घेतली आणि दहा वर्षे नेमाने त्याच्या पद्धतीने व्यायाम केला. पुढे मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले, आणि औंधच्या शाळांतून त्याचा प्रसार केला. ज्या व्यायामाला एकही साधन लागत नाही, त्याच्या थोर प्रचारकाची उमेदीची वर्षे सँडोच्या साधनांबरोबर गेली होती.

१९०६ मध्ये सँडो ब्रिटिश नागरिक झाला. १९११ मध्ये राजे पाचवे जॉर्ज यांनी त्याला आपला व्यायामशिक्षक नेमले. त्याने कोको विकायला घेतला आणि तिथेच हात पोळले. पहिले महायुद्ध पेटले, जर्मन जन्माच्या माणसाविषयी लोकांची मने फिरली, कोकोची कंपनी बुडाली.

१४ ऑक्टोबर १९२५ रोजी लंडनमध्ये तो वारला, वय ५८. खड्ड्यात गेलेली मोटार एकट्याने उचलल्यामुळे मेंदूतली शीर फुटली, अशी कथा पसरली. महाधमनीच्या फुगवट्याने मृत्यू झाला असावा, असेही सांगितले जाते. पत्नी ब्लँचच्या इच्छेनुसार पटनी व्हेल दफनभूमीत त्याला पुरले, पण थडग्यावर नाव कोरले नाही. दांपत्यात काय बिनसले होते, ते दोघांबरोबरच गेले. २००२ मध्ये एका चाहत्याने तिथे दगड बसवला. २००८ मध्ये त्याच्या वंशजाने ती जागा घेऊन दीड टनाची गुलाबी वालुकाश्माची शिळा उभी केली. तिच्यावर सँडोचे नाव आहे.