आगरकर आणि अनिष्टाची मीमांसा

अनिष्टाचे मूळ वेदान्ताने अविद्येत व कर्मसिद्धान्ताने पूर्वजन्मात शोधले. सांगलीच्या विष्णुदास भाव्यांच्या पौराणिक नाटकांत ते राक्षसरूपाने अवतरले. सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी १८५६ मध्ये जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी ते मानवी व्यवहारातच पाहिले. कोल्हापूर प्रकरणी १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढताना त्यांनी 'हॅम्लेट'चे भाषांतर केले. त्याला दिलेले 'विकारविलसित' हे नावच अनिष्टाचा उगम मनुष्याच्या विकारांत दाखविते.

मिल्ल व स्पेन्सर यांच्या विचारांनी संस्कारित झालेली ही दृष्टी १८८८ मध्ये निघालेल्या 'सुधारक' पत्रात बालविवाह, केशवपन आदी रूढींकडे वळली. कर्मसिद्धान्त मानला, तर विधवेचे दुःख हे तिच्याच पापाचे फळ ठरते. आगरकरांना हा निष्कर्ष अमान्य होता. या भूमिकेपायी विरोधकांनी त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढली. दम्याने जर्जर झालेले आगरकर १७ जून १८९५ रोजी, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी निवर्तले. रोग व मृत्यू या निसर्गजन्य अनिष्टांचे कोडे त्यांच्या मीमांसेने सुटत नाही, हे खरे. परंतु मनुष्यनिर्मित अनिष्टाला दैवाचा आश्रय तिने उरू दिला नाही.